टोलमाफीच्या आधी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवर आपल्या पानावर गेले काही दिवस पत्रं येताहेत. त्यांतल्या एका वाचकाने लिहिलं होतं, की ज्यांच्या दारात आधीच एक मोठी गाडी उभी आहे त्यांची ही हौस आहे, सामान्य घराच्या गरजा तिने भागत नाहीत. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. आमच्या घरात चारचाकी एकच आहे आणि ती छोटी इलेक्ट्रिक आहे. जुनी पेट्रोलची गाडी विकून आम्ही ही घेतली. दुसरी मोठी गाडी नाही, घेण्याचा विचारही नाही. त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं वाटतं.

घराची गरज म्हणजे काय, ते आधी बघू. माझं कॉलेज घरापासून सहा किलोमीटरवर. यजमानांचा कारखाना सातपूरला. ते एरवी दुचाकीने जातात, पावसाळ्यात मला सोडून हीच चारचाकी पुढे नेतात. मुलीचा क्लास कॉलेज रोडला, सुटतो रात्री साडेआठला. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं असतं. शनिवारी भाजी, किराणा, दळण. अधूनमधून कुणाला तरी नाशिक रोड स्टेशनवर सोडायचं किंवा तिथून आणायचं. माझं माहेर दिंडोरीच्या पुढे, जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. नवरात्रात वणीची देवी, श्रावणात त्र्यंबकेश्वर. आमच्या वर्षभराच्या फिरण्यातलं जवळजवळ सगळं एवढ्यात येतं. आमच्या स्टाफरूममधल्या बहुतेक घरांचंही असंच आहे. ही सगळी कामं ही गाडी करते, आणि मी म्हणेन की आधीच्या गाडीपेक्षा चांगली करते.

सासूबाईंचंच सांगते. रिक्षात चढायचं म्हणजे त्यांना एक पाय पायरीवर ठेवून, दांडी धरून अंग वर ओढावं लागतं, आणि दुसरा गुडघा वाकतच नाही. रिक्षावाला चांगला असला तर थांबतो, नाहीतर मागून हॉर्न सुरू होतात. गाडीत त्या आधी पाठमोऱ्या सीटवर टेकतात, मग मी त्यांचे पाय एकेक करून आत घेते. एवढ्यावर भागतं. पुढचं सुखही तितकंच मोठं आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते खोदलेले आहेत, अशोक स्तंभापासून पुढे गाडी दहा-दहा फूट सरकते. पेट्रोलच्या गाडीत दर वेळी क्लच सोडताना बसणारा हिसका त्यांच्या कमरेपर्यंत जायचा. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. ब्रेकवरून पाय उचलला की ती हळूच पुढे येते. पहिल्यांदा बसल्या तेव्हा बराच वेळ "अगं, चालू कर ना आता" म्हणत होत्या, आणि आम्ही गंगापूर नाक्याच्या पुढे आलो होतो.

मात्र सगळ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या सगळ्या घरांना सारख्याच सोयीच्या आहेत असं माझं म्हणणं नाही. एमजी कॉमेट लांबीला तीन मीटरच्या आत आहे. रविवार कारंजा, भद्रकाली, मेन रोड या भागात ती जिथे वळते आणि मावते, तिथे दुसरी गाडी घालायचं धाडस होणार नाही. पण तिला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. आमच्या सासूबाईंना ते या जन्मी जमणार नाही. चौघं बसल्यावर सामानाला जागाही उरत नाही. दोघंच नवरा-बायको असतील, किंवा मूल लहान असेल, तर ती उत्तम. घरात म्हातारं माणूस असेल तर चार दारांची, टाटाच्या इलेक्ट्रिक टियागोसारखी गाडी बघावी. काही गाड्यांत स्टेपनी मिळत नाही, नुसतं पंक्चरचं किट मिळतं. वणीच्या रस्त्यावर रात्री टायर फाटला तर त्या किटचा उपयोग नाही. गाडी बघायला जाल तेव्हा डिकी उघडून हे विचारा. शोरूममध्ये टचस्क्रीन आधी दाखवतात.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न: एका चार्जिंगमध्ये जाते किती? टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा २४ किलोवॅट-तासांच्या (म्हणजे २४ युनिट वीज मावणाऱ्या) बॅटरीवर ३१५ किलोमीटर, असा आकडा जाहीर झाला होता. कॉमेटच्या १७.३ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला २३० सांगितले होते. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. त्या चाचणीत ना आपलं एसीचं बटण असतं, ना मागच्या सीटवर तिघं. २४च्या बॅटरीवर नाशिकच्या रस्त्यांत, एसी लावून, घरची माणसं घेऊन दोनशेच्या आसपास धरावेत. हे ऐकून लोक मान हलवतात. पण दिवसाचं आमचं फिरणं तीस-पस्तीस किलोमीटरचं असतं. दोनशेत आठवड्यातले कामाचे दिवस निघतात. आणि गाडी काही रोज तळापासून भरायची नसते. तीस-पस्तीस किलोमीटरला जेवढी वीज लागली, तेवढी रात्री परत भरायची. साध्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवर त्याला दोन तास पुरतात. आमच्या घरात हे विरजण लावण्यासारखं झालंय: निजताना एकदा हात लावायचा, सकाळी काम झालेलं असतं. पेट्रोल पंपावरची रांग आमच्या घरातून गेलीच.

मुंबईला मात्र आम्ही या गाडीने जात नाही, आणि कुणी जावं असं सांगणारही नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. जाताना कसारा घाट उतरायचा असतो, तेव्हा उतारावर बॅटरीत थोडी वीज परतही येते. येताना तेवढंच चढायचं असतं, वर हायवेचा वेग, आणि वेग वाढला की छोटी बॅटरी झपाट्याने उतरते. पावणेदोनशे किलोमीटरच्या प्रवासात मध्ये थांबून फास्ट चार्जिंग करावं लागणार; दहा टक्क्यांवरून ऐंशीवर यायला तासभर, तेही चार्जर मोकळा मिळाला तर. कॉमेट जेव्हा आली तेव्हा तिला फास्ट चार्जिंगची सोयच नव्हती. पण मुंबईला जायला आम्हाला पंचवटी एक्स्प्रेस आहे. पुण्याला एसटी आहे. भावाच्या मुलीच्या लग्नाला कोकणात जायचं झालं तेव्हा मोठी गाडी भाड्याने घेतली. वर्षातून क्वचित होणाऱ्या अशा प्रवासासाठी रोज दीड टनाची पेट्रोलची गाडी घेऊन भाजी आणायला जाणं मला पटत नाही.

पैशांचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे बरंच गुलाबी चित्र रंगवलं जातं. "किलोमीटरला एक रुपया" असं सर्रास सांगतात. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला ते जमेल कसं, हे मला कुणी दाखवावं. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: १०० युनिटपर्यंत एक दर, ३००पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. घरचा फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन यांतच पहिले दोन टप्पे भरत येतात, आणि गाडीचे महिन्याचे शंभर-सव्वाशे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. ऊर्जा आकार (विजेची किंमत), वहन आकार (ती घरापर्यंत पोचवण्याचा खर्च), वर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं की त्या टप्प्यातलं युनिट पंधरा रुपयांच्या पुढे जातं. मीटरवरच्या एका युनिटला आमची गाडी सुमारे सात किलोमीटर जाते (चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून). म्हणजे किलोमीटरला दोन ते अडीच रुपये. तरी पेट्रोलच्या छोट्या गाडीला शहरात किलोमीटरला सात रुपये लागतात, त्यापुढे ही बचत मोठीच आहे.

पण ती बचत गाडीच्या किमतीतला फरक भरून काढायला किती वर्षं घेते, तेही बघायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, त्यामुळे तिला या कपातीचा काही लाभ झाला नाही. पेट्रोलची छोटी गाडी त्या दिवसापासून स्वस्त झाली आणि दोघींमधलं अंतर वाढलं. समजा तुमच्या पसंतीच्या दोन गाड्यांत तीन लाखांचा फरक आहे. किलोमीटरला साडेचार रुपये वाचले, तर फरक भरून निघायला पासष्ट हजारांहून जास्त किलोमीटर लागतील. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या घराला सहा वर्षं. बॅटरीवर सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, तेव्हा हे गणित बसतं. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीशी तुलना केली तर फरक कमी होतो आणि पैसे लवकर सुटतात. पण ज्यांची गाडी रविवारीच निघते, त्यांनी बचतीसाठी ही गाडी घेऊ नये. जुनी विकताना इलेक्ट्रिकला भाव कमी येतो, हेही मनात असू द्यावं.

बॅटरी भाड्याने घ्यायची योजनाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट ४ लाख ९९ हजारांना आणि वर किलोमीटरला अडीच रुपये बॅटरीचं भाडं, अशी जाहीर झाली. त्या अडीचमध्ये वीज धरलेली नाही. ती मिळवली की किलोमीटरचा खर्च पाचाच्या घरात जातो आणि पेट्रोलशी फार फरक उरत नाही. सही करण्याआधी करारात महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का, तेवढं वाचावं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. गाडीने गरजा भागतात. घरासमोर जागा असेल आणि तिथे वीज असेल, तर सुखाने भागतात. अडतं ते इथे. माझ्या माहेरी अंगण आहे. भावाने गोठ्याच्या भिंतीवर पॉइंट काढला आणि विषय संपला. शहरात बंगला असणाऱ्याचंही तसंच. पण छोटी, परवडणारी गाडी घेणारं माणूस राहतं कुठे? ते फ्लॅटमध्ये राहतं, सिडकोच्या घरात राहतं, पंचवटीतल्या वाड्यात राहतं. त्याचा मीटर एकीकडे आणि गाडी दुसरीकडे.

आम्ही राहतो ती इमारत पंचवीस वर्षांपूर्वीची. खाली खांबांचं पार्किंग, जिन्याखाली मीटरची खोली. आमचा मीटर तिथे, आमची जागा पलीकडच्या टोकाला. आमच्याच मीटरवरून, आमच्याच खर्चाने केबल ओढायची परवानगी आम्ही सोसायटीकडे लेखी मागितली. समितीने नाही म्हटलं. कारण कागदावर दिलं नाही. बोलण्यात मात्र तीन-चार कारणं यायची: आग लागेल, सगळ्या इमारतीचा लोड वाढेल, उद्या सगळेच मागतील, भिंतीवर पाइप चांगला दिसणार नाही.

आगीच्या भीतीवर मी हसणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच नाशिकमध्ये कंटेनरमधून जाणाऱ्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, आणि ज्याच्या बेडरूमच्या खाली गाडी उभी राहणार, त्याला ते आठवणारच. पण त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेच्या चाचण्या कडक केल्या, दुचाकींच्याही आणि चारचाकींच्याही. टियागो किंवा कॉमेटसारख्या छोट्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी असते. ती उष्णतेला इतर जातींपेक्षा जास्त टिकते. खरा धोका कुठे असतो, ते आमच्याकडे आलेल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दाखवलं. शेजारच्या इमारतीत एकाने पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून साधी एक्स्टेन्शनची वायर खाली सोडली होती. तिचा प्लग इलेक्ट्रिशियनने माझ्या हातात दिला. एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. गाडी तळापासून भरायची तर पंधरा अँपियर वीज सलग सात-आठ तास ओढायची असते. गिझरसारखी दहा मिनिटांत बंद होत नाही. बारीक वायर, ढिला सॉकेट आणि नसलेलं अर्थिंग, आग या तिघांतून लागते. आणि परवानगी नाकारली की लोक नेमकं हेच करतात, खिडकीतून वायर सोडतात. सोसायटीने नाही म्हणून धोका टळत नाही, तो चोरून येतो.

परवानगी मिळेपर्यंतचे महिने आम्ही बाहेरच्या चार्जरवर काढले. हायवेलगतच्या पंपावर चार्जिंगची एकच गन (गाडीत खुपसायचा जाड प्लग). पुढे टॅक्सीवाले. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे, युनिटचा दर वीसच्या वर. एकदा रात्री अकराला ॲप अडकलं आणि गन गाडीतून निघेना; यजमान फोनवर अर्धा तास कुणाशी तरी बोलत उभे, मुलगी मागे झोपलेली. त्या दिवसांत मलाही वाटलं, की ही गाडी घरातल्या माणसांसाठी नाही. आज तीच गाडी, तीच बॅटरी, तेच रस्ते. बदललं ते एवढंच, की आमच्या खांबावर पॉइंट आला.

तो कसा आला तेही सांगते, कुणाला उपयोगी पडेल. इलेक्ट्रिशियनने मोजून अहवाल लिहून दिला: आमचा मंजूर भार किती, तो किती वाढवून घ्यायचा, केबल कुठून जाईल. महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज केला. जाड तांब्याची केबल पाइपमधून, छताच्या कडेने नेली. खांबावर कुलूप लागणारा डबा, त्यात एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती झाली तर वीज तोडणारं यंत्र. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा. सगळा खर्च वीस-पंचवीस हजारांत बसला, आमच्या खिशातून. अहवाल समोर ठेवल्यावर समितीतल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी उभं राहून सांगितलं, की असं असेल तर हरकत घेण्यासारखं काही नाही. त्यांच्या शब्दाला वजन होतं म्हणून झालं. ज्या इमारतीत असे काका नाहीत, तिथल्यांनी काय करायचं?

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने इलेक्ट्रिक वाहनांसाठी २०२१ मध्ये धोरण आणलं, २०२५ मध्ये नवं आणलं. मोटार वाहन करात सूट आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गही त्या धोरणात आहेत. पण ही माफी पोचते कुणाला? इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर समृद्धी सलग ७०१ किलोमीटरचा झाला. त्यावरून सुसाट जाते ती पंचवीस-तीस लाखांची, मोठ्या बॅटरीची गाडी. माझ्या गाडीने समृद्धीवर चढून मी करू काय? आठ लाखांची गाडी घेणाऱ्या घराला टोलमाफीतून रुपयाही मिळत नाही. त्याला हवाय पार्किंगमध्ये एक पॉइंट, आणि त्यासाठी सरकारला तिजोरीतून काही काढायचंही नाही.

नव्या निवासी इमारतींची पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज असावी, असं नवं धोरण म्हणतं. चांगलं आहे. पण छोटी गाडी घेणारे बहुतेक लोक जुन्या इमारतींत राहतात. आपल्या घरच्या वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत २०२२ पासून लिहिलेलं आहे. सोसायटीने 'आमच्या भिंतीवरून केबल जाऊ देणार नाही' म्हटलं, की ती सूचना कागदावर राहते. म्हणून सहकार खात्याने एक साधा नियम करावा: सभासदाने स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या खर्चाने, परवानाधारक ठेकेदाराकडून पॉइंट काढायचा अर्ज केला, तर सोसायटीने तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाही म्हणायचं तर सुरक्षेचं ठोस कारण लिहून द्यावं. उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागायची वेळ आली तर तीही ठरावीक मुदतीत निकालात निघावी.

दुसरं काम महावितरणचं. विद्युत नियामक आयोगाने चार्जिंगसाठी विजेचा वेगळा दरवर्ग ठेवलेला आहे, आणि तो वरच्या घरगुती टप्प्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. सोसायटीने पार्किंगमध्ये त्या वर्गाचा एक मीटर घेतला आणि चार पॉइंट काढले, तर प्रत्येकाला आपापल्या मीटरवरून केबल ओढायची गरजच नाही. पण किती सोसायट्यांच्या सचिवांना हे माहीत आहे? बिलाच्या मागच्या बाजूला एवढ्या सूचना छापतात, त्यात ही चार ओळींत छापावी. छतावरच्या सौर विजेसाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेचंही तसंच. घरमालकाला ३ किलोवॅटवर ७८ हजारांचं अनुदान मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थेला सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात आणि त्या सोयींत गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे, हे मी ज्या ज्या सोसायटीत सांगितलं तिथे नवीनच होतं. आपल्या नाशिकला ऊन कमी नाही आणि गच्च्या रिकाम्या आहेत.

ज्यांना स्वतःची पार्किंगच नाही, त्यांचा प्रश्न मोठा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर येत नाही. जुन्या नाशकात गाडी रात्री गल्लीत उभी असते. तिथे फास्ट चार्जरपेक्षा रात्रभर लावून ठेवता येईल असे साधे, संथ पॉइंट हवेत. महापालिकेची वाहनतळं, भाजी मंडईची मैदानं, नाट्यगृहांचं पार्किंग रात्री रिकामं असतं. तिथे दहा-दहा संथ पॉइंट बसवले तर एका फास्ट चार्जरच्या खर्चात कितीतरी घरांची सोय होईल. सिंहस्थासाठी शहरात एवढी वाहनतळं होताहेत, जमीन खणलेली आहे, केबल टाकायची तर ती आत्ताच टाकावी. काँक्रीट झाल्यावर पुन्हा फोडायला लावू नये.

आपल्या वाचकांतल्या ज्यांची ही गाडी घ्यायची तयारी आहे, त्यांना एक सुचवते. आधी पॉइंट, मग गाडी. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात. सभेची नोटीस निघण्याआधी सचिवांकडे लेखी विषय द्या आणि पोच घ्या. अर्जाला तीन कागद जोडा: परवानाधारक ठेकेदाराचा अहवाल, केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा, आणि खर्च व देखभाल माझी असं हमीपत्र. या तीन कागदांचा आमचा नमुना मी आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत पाठवते आहे. शक्य झालं तर तो छापावा, म्हणजे लोकांना तो कापून थेट वापरता येईल.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक